बर्फात पुरलेला नारळ

नाटे, ता. राजापूर, जि. रत्नागिरी
दि. ४ जानेवारी

चि. सौ. श्रद्धा हीस विमलाआजीचे पोटभर आशीर्वाद.

थंडीत पाणी गोठतं हे ठाऊक होतं, माणसाची आठवणही गोठते हे तुझ्यामुळे कळलं. गणपतीनंतर निघालात तेव्हा एस.टी.च्या पायरीवरून म्हणाली होतीस, आजी, पोचले की सविस्तर पत्र लिहिते. तेव्हापासून इकडे भात कापून, झोडून, उकडून त्यातलं निम्मं खाऊनही झालं. तुझी विसरलेली छत्री खुंटीवर आहे, माझ्या नातवाचा, विनीतचा विसरलेला चष्मा कणगीवर आहे आणि तुझं वचन माझ्यापाशी आहे. छत्री नि चष्मा सवडीने ने. वचनाला सवड नाही.

फोन करतेस, नाही म्हणत नाही. पण फोनवर मला निम्मं ऐकू येतं आणि उरलेलं मी मनाने लावून घेते. चित्र दिसतं त्या फोनवर तुझ्या सर्वेशचं नाकच तेवढं दिसतं. कागद बरा. मला वाचता येत नसलं तरी कागद उशाखाली ठेवता येतो आणि दारात येईल त्याच्याकडून पुन्हा वाचून घेता येतो. हे लिहितेय शेजारची अजरा. तिचा नवरा करीम आखातात दोह्याला कामाला, त्यामुळे तिचा हात लिहिता आहे. मी बोलते तसंच लिही, सुधारू नको, असं तिला बजावलंय. लिहून झालं की ती कागदाचा फोटो तुला धाडणार. तुझं उत्तरही तसंच धाड, ती ते कागदावर उतरवून देईल. म्हणजे पोस्टमनवर ढकलायची सोय राहिली नाही.

आता मुद्द्याचं. निघताना तुझ्या बॅगेत मी असोला नारळ घातला होता, आपल्या विहिरीवरच्या माडाचा, टिकावा म्हणून वरच्या केसाळ सोडणासकट. नव्या घराच्या उंबऱ्यावर सोलून फोड म्हणाले होते. फोडलास? की तो अजून फ्रीजवर बसून तुमची गंमत बघतोय?

विनीत फोनवर म्हणत होता की कामावरच्या लोकांबरोबर पोरांना घेऊन बर्फावर घसरायला जाणार. घसरायला मुद्दाम जातात हे मला नवीन. आमच्या पाणंदीत पावसाळ्यात फुकट होतं. कसं काय झालं ते कळव.

माया आहेच, ती मागावी लागत नाही. पत्र मात्र मागावं लागतंय.

तुझी,
विमलाआजी
(तोंड माझं, हात अजराचा, आंगठा पुन्हा माझा)

॥

कॅल्गरी
कॅनडा, दि. १९ जानेवारी

ती. आजींच्या चरणी श्रद्धाचा सा. न. वि. वि.

तुमचं पत्र वाचून हसले आणि मग फ्रीजवर पाहिलं. नारळ तिथेच आहे. आलो त्या दिवशी रात्र झाली होती, मुलं पेंगत होती, आणि विनीत म्हणाले सकाळी फोडू. मग शाळा, थंडीचे कपडे, बँक, भाड्याचं घर. खोटं कशाला सांगू, विसरलो. आता इतक्या उशिरा फोडायची लाज वाटते.

बर्फावर जाऊन आलो. विनीतच्या कामावरची दोन कुटुंबं आणि आम्ही. डोंगराच्या पायथ्याशी मार्गारेट नावाच्या बाईंची लाकडी घरं आहेत, त्यातलं एक सगळ्यांनी मिळून घेतलं होतं. इथे हिवाळाभर लोक असेच जातात, महिन्यातून एकदा तरी. पायाला लांब फळ्या बांधायच्या आणि वरून खाली यायचं. विनीत पहिल्या दिवशी बसून खाली आले, दुसऱ्या दिवशी उभ्याने. त्यांचा चेहरा पाहायला हवा होतात तुम्ही. कामावरची माणसं पहिल्यांदाच त्यांच्याशी कामाव्यतिरिक्त बोलली.

मला त्या फळ्या जमत नाहीत. म्हणून ज्यांना जमतात त्यांची चार मुलंही माझ्याकडे, आमची दोन धरून सहा. संस्कृतीला बाहेर न्यायचं म्हणजे तीन पायमोजे, दोन विजारी, वर झबल्यासारखा जाड पोशाख, हातमोजे, टोपी. सगळं चढवून दारात गेलं की तिला शू लागते. आजी, प्रत्येक वेळी. चार वर्षांच्या पोरीला एवढी वेळ साधता कशी येते?

सर्वेशचं मात्र हसण्यासारखं नाही. शिकवणाऱ्याने त्याला इतर मुलांबरोबर उभं केलं. तो पडला, फळ्या एकमेकींत अडकल्या आणि तो पालथ्या खेकड्यासारखा हातपाय हलवत राहिला. बाकीची मुलं हसली. तेव्हापासून त्याने बर्फाला पाय लावलेला नाही. तिथे खिडकीत बसून होता, आता घरीही तसाच. शाळेत मधल्या सुट्टीत सगळे बर्फात खेळतात, हा दरवाज्याशी उभा राहतो. मला रोज विचारतो, नाट्याला आजीकडे कधी जायचं.

म्हणून एक मागणं आहे. मार्चअखेर मी दोन्ही मुलांना घेऊन तुमच्याकडे येते. विनीत इथे राहतील, सुट्टीत येतील. हे मी त्यांना सांगायला गेले तर वाद होईल. तुम्ही सांगितलंत तर ते मान खाली घालून हो म्हणतील. लहानपणापासून तुमचा शब्द त्यांनी कधी मोडलेला नाही. एवढा एक शब्द माझ्यासाठी टाका.

आशीर्वादाची आणि तुमच्या होची वाट पाहणारी,
श्रद्धा

॥

नाटे
दि. २५ जानेवारी

चि. सौ. श्रद्धा, सर्वेश, संस्कृती यांस आशीर्वाद. विनीतला यावेळी नाही, त्याच्यापासून हे पत्र लपवायचं आहे.

तुझं पत्र अजराने वाचलं, आणि वाचून होताच मी काय केलं सांगू? माळ्यावरची खाट खाली काढायला लावली. सर्वेश माझ्या बाजूला, संस्कृती पोटाशी, तू माजघरात. शाळा समोरच. सकाळी मऊभात, संध्याकाळी खाडीवर फेरी. सगळं मनात मांडून मोकळी झाले. मग चहा झाला. चहानंतर मला थोडी अक्कल येते.

विनीतचे आजोबा मुंबईत गोदीत कामाला होते, हे तुला ठाऊक आहे. गणपतीला यायचे आणि शिमग्याला यायचे. तुझा सासरा तेव्हा सर्वेशएवढा. बाप आला की माझ्या लुगड्यामागे दडायचा. मांडीवर बसण्याइतकी ओळख होईपर्यंत यांची बोटीची वेळ झालेली असायची. यात चूक कोणाचीच नव्हती. आमचं भात इथे होतं आणि पगार तिथे. तुमचं भात नि पगार एका छपराखाली आलंय गो. ते मोडून माझ्या खाटेवर आणायचं? मी हावरी म्हातारी आहे, पण एवढी नाही.

(हे माझ्या मनाने लिहिते, आजींनी सांगितलेलं नाही. माझ्या लेकीचा, आयातचा दात पडला तो तिने बाबांना फोनवर दाखवला. करीम म्हणाले, बघितला. तरी ती म्हणाली, नीट नाही बघितलात. — अजरा)

अजराने मध्येच काहीतरी खरडलं आणि वाचून दाखवत नाही. असू दे.

मी नाही म्हणत नाही. एवढंच म्हणते की शिमग्यापर्यंत थांब. तोवर मी सांगते ते करून बघ. त्यानंतरही तुझं मन हेच राहिलं तर विनीतला मी सांगेन, आणि तो मान खाली घालील.

तू सहा पोरांना खेळवत बसलीस, तिथेच दमलीस. पोरांना खेळवायचं नसतं, कामाला जुंपायचं असतं. लावणीच्या दिवसांत मी पोरांना कधी खेळ दिला? इथे बांध फुटलाय, माती आण, तिथून पाणी वळव, एवढंच सांगायची. संध्याकाळी ओढून घरात आणावी लागत. तर त्या बर्फाचे बांध घालायला लाव. चूल मांडायला लाव. एवढं पांढरं अंगण देवाने सारवून दिलंय, त्यावर रांगोळी घाला. लाल हवा तर कोकमाचं आगळ ओता, पिवळा हवा तर हळदीचं पाणी. आणि गुळाचा पाक कर. आपण तो थंड पाण्यात टाकून गोळी होते का बघतो, तुला तर अख्खा डोंगर थंड मिळालाय. बर्फावर धार सोड, काय होतं ते कळव.

बाहेर पडण्याआधी सगळ्यांच्या तोंडाला खोबरेल चोळ. हात आखडू नको. आणि संस्कृतीला शू आधी, पोशाख मागाहून. शिकलेल्या बाईला हेही मीच सांगायचं?

पोरांना माझ्याकडून कुरवाळ. तुलाही कुरवाळलं असतं, पण हात पोचत नाही.

तुझी,
विमलाआजी

॥

कॅल्गरी
दि. १६ फेब्रुवारी

ती. आजींस सा. न. वि. वि.

दुसऱ्यांदा बर्फावर जाऊन आलो. आधी तुमच्या खोबरेलाची कथा ऐका.

तुम्ही म्हणालात हात आखडू नको, मी आखडला नाही. सर्वेश सोडून पाचही मुलांची तोंडं चकचकीत करून बाहेर सोडली. आजी, आपल्याकडे खोबरेल पौष महिन्यात बाटलीत थिजतं, तेवढीच आपली थंडी. इथे ते गालांवर थिजलं. पाच मुलं, पाच पांढरी तोंडं. मार्गारेटबाईंना वाटलं थंडीने गाल गोठून मेले. ओरडत धावत आल्या, सगळ्यांना उचलून आत नेलं, घोंगड्यांत गुंडाळून शेकोटीसमोर ओळीने बसवलं. मग तेल वितळलं आणि ओघळत त्यांच्या सोफ्यावर. मी खरं काय ते सांगितलं तेव्हा बाई हसून हसून जमिनीवर बसल्या. आता मला बघितलं की स्वतःच्या गालावर हात फिरवतात.

बाकीचं मात्र तुमच्या शब्दावर जमलं. बांधाचं काम निघालं आणि मुलांना जेवायला बोलवावं लागलं. हळदीने एकीचे हातमोजे कायमचे पिवळे झाले. गुळाचा पाक बर्फावर ओतला तर लगेच चिकट चिक्की झाली, ती काडीवर गुंडाळून खाल्ली. मार्गारेटबाई म्हणाल्या की त्यांची आजी हेच करायची, झाडाच्या चिकापासून काकवीसारखं काहीतरी निघतं त्याचं. मग आम्ही दोघी तिथेच आपापल्या आज्यांबद्दल बोलत उभ्या राहिलो, पाय गार पडेपर्यंत. इथे आल्यापासून इतकी मी कोणाशी बोलले नव्हते.

शू आधी, हेही केलं. पोशाख चढवल्यावर तिला परत लागली.

सर्वेश खिडकीतच होता. एकदाच पायमोज्यांवर पायरीपर्यंत आला, कारण आमच्या रांगोळीतल्या तुळशीवृंदावनाला पायऱ्या नव्हत्या. ते सांगून आत गेला. शाळेतून बाईंचा निरोप आला की तो अजून दाराशीच उभा असतो.

माझं मन बदललेलं नाही, आजी. मार्चअखेरच्या विमानाच्या तारखा बघून ठेवल्या आहेत. तुम्ही शिमग्यापर्यंत थांब म्हणालात, म्हणून थांबले आहे.

लोभ पूर्वीपेक्षा जास्त हवा, कारण गरज जास्त आहे.

आपली,
श्रद्धा

॥

नाटे
दि. २० फेब्रुवारी

चि. सौ. श्रद्धा हीस आशीर्वाद, आणि त्या मार्गारेटबाईंना नमस्कार. सोफ्याला लिंबू नि राख लाव म्हणावं.

खोबरेलाचं मी मनावर घेतलं नाही. आमच्या खोबरेलाने आजवर कोणाचा गाल बिघडला नाही, तुमच्या हवेचाच दोष.

एवढं लांब पत्र लिहिलंस आणि खरी बातमी शेवटाकडे खुपसलीस. पोरगं पायमोज्यांवर बाहेर आलं ना? कशाला आलं? तुमची चूक काढायला. अगो, हा विनीतच्या घराण्याचा गुण. या घरातल्या माणसाला खेळायला बोलावलंस तर लाजेल, पण दुसऱ्याचं चुकतंय म्हटलंस तर भरल्या ताटावरून उठून येईल. त्याला शिकवणारे पुष्कळ झाले. आता त्याला शिकवायला काहीतरी दे.

त्या सहा जणांत शिमगा कोणी बघितलाय? एकट्या सर्वेशने. गेल्या वर्षी विनीतच्या खांद्यावर बसून त्याने सगळं बघितलं. मैदानात नारळ पुरतात, त्याला आपण शेरणं म्हणतो. मग पालखी खांद्यावर घेऊन माणसं नाचत फिरतात, देवी जिथे अडेल तिथे खणतात, आणि नारळ निघाला की सगळं गाव ओरडतं. घरी आल्यावर सर्वेशने खळ्यात पाट उलटा करून दिवसभर पालखी नाचवली होती आणि माझे दोन नारळ पुरले होते. त्यातला एक पावसाळ्यात रुजून वर आला तेव्हा कळलं कुठे होता.

तर यावेळी पोरांची पालखी निघू दे. बर्फावर ओढायची बिनचाकी गाडी असते असं फोनवर म्हणालीस, तिला त्या घसरताना हातात धरायच्या काठ्या बांध. आत देव नको बसवू, त्यांना त्या थंडीत कशाला न्यायचं? संस्कृतीला बसव. आणि शेरणं म्हणून फ्रीजवरचा आपला नारळ ने. त्याला काम तरी मिळेल. तू मात्र काही सांगू नकोस. चार पोरांसमोर सगळं मुद्दाम चुकीचं करायला घे आणि गप्प बस.

खालचं सर्वेशला वाचून दाखव.

चि. सर्वेश, तुझी आई आणि बाबा तिकडे शिमगा करणार आहेत म्हणे. तुझ्या आईचं माहेर लांज्याचं, तिला नाट्याच्या पालखीतलं काही कळत नाही. बाबा तर चष्मा इथेच विसरून गेलाय. तिथे नाट्याचा मानकरी तू एकटाच आहेस. ते काही उलटंसुलटं करतील, तर गावाची अब्रू राख.

सगळ्यांवर जीव आहे, मानकऱ्यावर चिमूटभर जास्त.

विमलाआजी

॥

कॅल्गरी
दि. १० मार्च

ती. आजींस साष्टांग नमस्कार. आज वि. वि. म्हणण्याइतका धीर नाही, सरळ सांगते.

तिसऱ्यांदा बर्फावर गेलो तेव्हा मी गाडीला काठ्या आडव्या बांधायला घेतल्या. सर्वेश खिडकीतून बघत होता. मग काच वाजवली. मग दार उघडून म्हणाला, आई, उभ्या. मी ऐकलंच नाही असं दाखवलं. विनीत आपण होऊन नारळ हातात घेऊन एकटेच पुरायला गेले होते. एका मुलाने रिकामी पालखी खांद्याऐवजी डोक्यावर घेतली. तेव्हा मात्र आतून धडाधड आवाज आला, आणि तुमचा मानकरी एका पायात स्वतःचा नि दुसऱ्या पायात बाबांचा बूट घालून पायरी उतरला. बर्फात गुडघ्यापर्यंत गेला, त्याच्या लक्षातही आलं नाही. तो काठ्या सोडत होता आणि ओरडत होता की असं नसतं, असं नसतं.

पुढचं मी नुसतं पाहिलं. कोणी कुठे खांदा द्यायचा, पाय कसे टाकायचे, पातेल्यावर कसं वाजवायचं, सगळं त्याने सांगितलं, निम्मं मराठीत. ती मुलं मराठीत ओरडायला लागली, आजी. संस्कृती आत बसून टाळ्या वाजवत होती. एकदा ती थांबा म्हणाली, पालखी थांबली, सगळे घाईघाईने खणायला लागले, आणि ती म्हणाली, शू.

नारळ मात्र मिळाला नाही.

विनीतने खूण म्हणून एक काटकी खोचली होती. पालखी सजेपर्यंत नवा बर्फ पडला आणि काटकी गेली. त्यांनी एक जागा दाखवली, मग दुसरी, मग तिसरी, मग चौथी. मुलांनी खणलं. मग त्या मुलांचे आईबाप वरून घसरत आले आणि फळ्या काढून तेही खणायला बसले. मार्गारेटबाई फावडं घेऊन आल्या. विनीत तर दुसऱ्या दिवशी डोंगरावर गेलेच नाहीत, बापलेक दिवसभर शेजारी शेजारी खणत होते. सर्वेशचे गाल लालबुंद, खोबरेल न लावता.

निघायच्या वेळी तो गाडीत बसेना. मी म्हटलं, राहू दे, आपण थोड्या दिवसांनी नाट्याला जाऊ, तिथे पुष्कळ नारळ आहेत. त्याने माझ्याकडे असं पाहिलं, जणू मी काही भलतंच बोलले. म्हणाला, शेरणं काढल्याशिवाय मानकरी गाव सोडत नाही.

मार्गारेटबाईंनी सांगितलं की तिथला बर्फ मे महिन्यात वितळतो.

आजी, मी तारखा बघायचं थांबवलं आहे. विनीतना तुम्ही काही सांगू नका. तुमचा तो शब्द शिल्लक राहिला, तो तुमच्यापाशीच असू द्या. शाळेच्या बाईंचा काल निरोप आला. सर्वेश मधल्या सुट्टीत दाराशी नव्हता. मैदानात जिथे तिथे खड्डे झाले आहेत, एवढीच तक्रार आहे.

कसे आभार मानायचे ते कळत नाही, म्हणून नुसता नमस्कार पुन्हा करते.

श्रद्धा

॥

नाटे
दि. १५ मार्च

चि. सौ. श्रद्धा हीस आशीर्वाद.

विनीतला माझ्याकडून विचार, की शेरणं पुरायला आपल्याकडे पाच माणसं जातात ती कशाला असं त्याला वाटतं? शोभेला? एकट्याने पुरलं की असंच होतं. चष्मा विसरणाऱ्याच्या हाती नारळ दिला ही चूक तुझी, आणि तो तसा घडला ही माझी असेल.

खाट पुन्हा माळ्यावर चढवली. चढवताना जरा जड वाटली. ती नुसती लाकडाचीच आहे, तरी. पण दुसऱ्या दिवशी पालखी आपल्या खळ्यात आली, मी ओटी भरली, आणि देवीला सांगितलं की यंदा एक मानकरी रजेवर आहे, तिकडचं काम अडलंय. ती रागावली नसावी.

अजराने मागे मध्येच खरडलेली ओळ होती ना? त्या कागदाचा फोटो तुला गेला, कागद माझ्या उशाखाली राहिला. परवा पोस्टमनकडून वाचून घेतली. मग अजराला चहा पाजला. आता हे तिलाच लिहायला सांगतेय आणि ती खाली मान घालून लिहितेय.

तुमच्या बर्फाला माझा नमस्कार सांग. माझा नारळ जपून ठेव म्हणावं.

विमलाआजी

॥

कॅल्गरी
दि. २४ मे

ती. आजींस सा. न. वि. वि.

सापडला!

काल मार्गारेटबाईंचा फोन आला की पायथा मोकळा झाला, तसे लगेच निघालो. आम्ही खणलं होतं तिथपासून बराच खाली, ओढ्याच्या कडेला, गवतात पडला होता. विनीतने दाखवलेल्या चारही जागांपैकी कुठेच नाही. तिथल्या राखणदाराने आधी पाहिला होता, पण ते तपकिरी केसाळ प्रकरण बघून त्याला एखादं मेलेलं जनावर वाटलं आणि त्याने हात लावला नाही. सर्वेशने लांबूनच ओळखला. धावला नाही. हळूहळू चालत गेला, उचलला, कानाशी धरून हलवला आणि म्हणाला, आई, आत काहीतरी वाजतंय. मग त्याने तो बाबांच्या हातात दिला. विनीतनी तो दोन्ही हातांत धरला. ते नारळाला नाक लावून उभे राहिले.

घरी येऊन सोडण काढलं. कोयता नाही, म्हणून विनीत नि सर्वेश दोघांनी पेचकसाने. आणि आजी, तुम्ही सांगितलं होतं तिथेच फोडला, उंबऱ्यावर. नऊ महिने उशिरा. पाणी आटलेलं, आत खोबऱ्याचा गोटा सुटा झालेला, जरासुद्धा नासलेला नाही. तो हातात घेतला तेव्हा मला पहिल्यांदा वाटलं की आम्ही या घरात राहायला आलो.

आणखी एक. मार्गारेटबाई विचारत होत्या की पुढच्या हिवाळ्यात लहान मुलांना बर्फात रमवण्याचं काम मी करीन का, त्यांच्याकडे येणाऱ्या सगळ्यांच्या. मी हो म्हटलं. मला फळ्या येत नाहीत असं सांगितलं, तर त्या म्हणाल्या, फळ्या सगळ्यांनाच येतात.

तुमची,
श्रद्धा

॥

नाटे
दि. २ जून

चि. सौ. श्रद्धा, चि. विनीत, मानकरी सर्वेश आणि पालखीतल्या देवी संस्कृती, सगळ्यांना आशीर्वाद.

अजराने तुझं पत्र वाचलं, मग पोस्टमनने, मग बकरीदला सुट्टीवर आलेल्या करीमने. तिघांनीही तेच वाचलं, तेव्हा खरं असणार. आयातने तो दात डबीत जपून ठेवला होता, आल्या आल्या बापाच्या तळहातावर ठेवला. करीम तो उजेडात धरून बराच वेळ बघत बसला. अजरा मला म्हणाली, आजी, हेही पत्रात घाला. म्हणून घातलं.

विहिरीवरच्या माडाखाली जाऊन मी त्याला सांगून आले, की तुझा एक पोरगा परदेशी जाऊन, बर्फात निजून, काम करून आला. माडाने उत्तरादाखल एक झावळ टाकली. चुलीला झाली. देवाने मला अक्षर दिलं नाही, पण माझं बोलणं लिहून घेणारी दिली आणि माझं ऐकणारी नातसून दिली. यापेक्षा जास्त मागायला मला तोंड नाही, आणि असलं तरी मी ते गप्प ठेवीन, एवढं लिहून ठेव.

आता एक विसरलीस. दरवेळी एक विसरायचंच असा तुझा नेम आहे. शेरण्याचा नारळ फोडला की तो नुसता घरच्यांनी खायचा नसतो. ज्यांनी खणलं, ज्यांनी खांदा दिला, त्या सगळ्यांना वाटायचा. त्या चार पोरांना दे, त्यांच्या आईबापांना दे, मार्गारेटबाईंना मोठा तुकडा दे.

आणि माझा वाटा मला पाठव. डबीत घालून, वरून कापड शिवून. तुकडा पाठवू नकोस, माझे दात गेलेत हेही विसरशील म्हणून सांगते. बारीक किसून पाठव, आणि मोकळ्या हाताने घाल, गूळ माझ्याकडे आहे.

विमलाआजी